'आलेइजादिन्यो' : एका लाडक्या टोपणनांवाचा इतिहास

पणजी शहरांत ज्या टेकडीवर आर्चबिशपांचा वाडा आहे तिला 'आल्तिन्यो' म्हणतात, आणि तिच्याच पायथ्याशीं अरुंद गल्ल्यांची व रंगीत भिंतींची जी जुनी वस्ती आहे तिचें नांव 'फोंताइन्यास'. गोव्यास जाणाऱ्या मराठी माणसाच्या कानांवर हीं दोन्ही नांवें नेहमीं पडतात. परंतु त्यांच्या शेवटीं जो एकच अनुनासिक सूर घुमतो, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. 'आल्तो' म्हणजे उंचवटा, आणि 'आल्तिन्यो' म्हणजे लहानसा उंचवटा. 'फोंत' म्हणजे झरा, आणि 'फोंताइन्यास' म्हणजे इवलेसे झरे. पोर्तुगीजांची गोव्यांतील सत्ता इ. स. १९६१ मध्यें संपली. परंतु त्यांच्या भाषेंतील हा लाडिक प्रत्यय पणजीच्या टेकडीवर आणि टेकडीखालीं अद्याप सुखानें नांदत आहे.

आज आम्हांला जी कथा सांगावयाची आहे ती मात्र गोव्यांतली नव्हे. ज्या भूमींतून पोर्तुगीज गलबतांनीं आपल्याकडे काजू आणला, त्या ब्राझील देशांत हाच प्रत्यय एका माणसाच्या नांवाला जाऊन चिकटला, आणि असा चिकटला कीं त्याचें खरें नांव आज पुस्तकांतून शोधून काढावें लागतें. तो माणूस दोन्ही हातांनीं निकामी झालेला शिल्पकार होता. लोक त्याला 'आलेइजादिन्यो' म्हणत. या शब्दाचा अर्थ काय, तो कोणीं दिला, कोणत्या भावानें दिला, आणि त्यांतील माया कितपत खरी, याचा थोडा विचार करावा असा आमचा हेतु आहे. विषय वरवर पाहतां एका प्रत्ययाचा आहे. परंतु माणसें एकमेकांच्या दुःखाला कोणत्या नांवानें हांक मारतात, हा प्रश्न त्याच्या पोटांत दडलेला आहे.

प्रथम प्रत्ययाकडे वळूं. लॅटिन भाषेंतील 'इनुस' या प्रत्ययापासून पोर्तुगीज भाषेंत पुल्लिंगी 'इन्यो' व स्त्रीलिंगी 'इन्या' हीं रूपें आलीं. व्याकरणकार यांस लघुत्ववाचक प्रत्यय म्हणतात. परंतु व्याकरणकारांनीं दिलेलें नांव आणि लोकांच्या तोंडचा वापर यांत येथें बरेंच अंतर आहे. ब्राझीलमध्यें घरीं आलेल्या पाहुण्याला 'काफे' नव्हे, 'काफेझिन्यो' देतात. पेला लहान असतो हें खरें. पण शब्दांत जो लहानपणा आहे तो पेल्याचा नसून आग्रहाचा आहे. 'सो' म्हणजे एकटा. त्याचा 'सोझिन्यो' होतो, तेव्हां एकटेपणा कमी होत नाहीं, उलट अधिक जिव्हारीं लागतो. 'कोइतादो' म्हणजे दीन, दुर्दैवी. 'कोइतादिन्यो' म्हणजे बिचारा, ज्याच्यासाठीं ऐकणाऱ्यानें 'अरेरे' म्हणावें असा. म्हणजे हा प्रत्यय वस्तूचें माप सांगत नाहीं. बोलणारा त्या वस्तूच्या किती जवळ उभा आहे तें सांगतो. अर्थात् ज्या ज्या शब्दाच्या शेवटीं हा ध्वनि येतो तो तो शब्द लाडिक असतो असें मात्र समजूं नये. वाट या अर्थाचा 'कामिन्यो' आणि शेजारी या अर्थाचा 'विझिन्यो' हे शब्द जन्मतःच तसे आहेत. त्यांत कोणाचाही लाड नाहीं.

विशेषनामांना तर हा प्रत्यय इतका सहज लागतो कीं मूळ नांव कोणतें याचा विसर पडावा. पेद्रोचा पेद्रिन्यो होतो, अंतोनियोचा तोनिन्यो होतो, फ्रांसिस्कोचा आधीं शिकु आणि मग शिकिन्यो होतो. आपल्याकडील वृत्तपत्रांच्या वाचकांस 'रोनाल्डिन्हो' हें नांव चांगलें परिचित आहे. तेंही असेंच एक लाडकें नांव. यांतली गंमत अशी कीं, ज्याला पुढें सारें जग 'रोनाल्डो' म्हणून ओळखूं लागलें तो खेळाडूही इ. स. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्यें 'रोनाल्डिन्हो' च होता, कारण त्या संघांत त्याच नांवाचा त्याहून वडील असा दुसरा खेळाडू होता. आपल्या घरांत दोन गोविंद असले म्हणजे एक 'धाकटा गोविंद' होतो, तसाच हा प्रकार.

आमच्या संस्कृतज्ञ वाचकांस यांत नवल वाटणार नाहीं. पाणिनीनें आपल्या अष्टाध्यायीच्या पांचव्या अध्यायांत 'क' या प्रत्ययाचे जे अर्थ सांगितले आहेत त्यांत अल्पत्व आहे, कुत्सा म्हणजे निंदा आहे, आणि अनुकंपाही आहे. एकच प्रत्यय; घोडा वाईट असला तर 'अश्वक', आणि लेकरूं लाडकें असलें तर 'पुत्रक'. पुढील वैयाकरणांनीं अनुकंपेचें उदाहरण म्हणून 'दुर्बलक' हा शब्द दिला आहे. अशक्त माणसाला पाहून ज्याचें मन द्रवलें तो त्याला नुसतें 'दुर्बल' म्हणत नाहीं, 'दुर्बलक' म्हणतो. या एका उदाहरणांत आमच्या सबंध विषयाचें सार आहे. कारण 'आलेइजादिन्यो' हा शब्द घडणीनें 'दुर्बलक' या शब्दाचा सख्खा भाऊ शोभेल. 'आलेइजादो' म्हणजे व्यंग झालेला, लुळापांगळा. लॅटिन भाषेंत इजा किंवा जखम या अर्थाचा जो 'लेसिओ' शब्द आहे तोच याच्या मुळाशीं आहे. त्या कठोर शब्दाला 'इन्यो' लागला आणि 'आलेइजादिन्यो' झाला. मराठींत त्याचें भाषांतर 'पांगळा' असें केलें तर माया सुटते. 'छोटा पांगळा' असें केलें तर अर्थच चुकतो, कारण तो माणूस साठी उलटून गेल्यावरही याच नांवानें ओळखला जात होता. 'बापुडा पांगळा' हें त्यांतल्या त्यांत जवळचें.

आतां या नांवाच्या धन्याची हकीकत. सतराव्या शतकाच्या अखेरीस ब्राझीलच्या अंतर्भागांत सोनें सांपडलें, आणि त्या डोंगराळ प्रदेशाला 'मिनास जेराइस', म्हणजे 'सर्वसाधारण खाणी', असें नांव पडलें. इ. स. १७११ मध्यें तेथील वस्त्यांना शहराचा दर्जा मिळून 'विला रिका', म्हणजे 'श्रीमंत नगरी', उभी राहिली. हेंच शहर पुढें इ. स. १८२३ पासून 'ओउरो प्रेतो', म्हणजे 'काळें सोनें', या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. खाणींत राबणारे हात आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचे होते. सोन्याचा पांचवा हिस्सा पोर्तुगालच्या राजाचा होता. आणि उरलेल्या पैशांतून निरनिराळ्या धर्मसंघांनीं एकमेकांशीं चढाओढ करून देवळें बांधलीं. गोऱ्यांचे संघ वेगळे, काळ्यांचे वेगळे, आणि मिश्र रक्ताच्या लोकांचे आणखी वेगळे. आपल्याकडील जातिभेद ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें चित्र समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या शहरांत मानुएल फ्रांसिस्को लिस्बोआ नांवाचा एक पोर्तुगीज मिस्त्री होता. सुतारकी व बांधकाम या दोन्ही विद्यांत तो निष्णात होता. त्याला इझाबेल नांवाच्या आफ्रिकी गुलाम स्त्रीपासून एक मुलगा झाला. तोच आमचा शिल्पकार. त्याचें खरें नांव अंतोनियो फ्रांसिस्को लिस्बोआ. गुलाम आईचें मूल जन्मतः गुलामच ठरावयाचें. परंतु बापानें बाप्तिस्म्याच्या वेळींच त्याला मुक्त केलें. त्याच्या पहिल्या चरित्रकारानें जन्माचें साल १७३० दिलें आहे. मृत्यूच्या नोंदींतील वयावरून हिशेब केला तर तें १७३८ येतें. बापानें पुढें रीतसर लग्न केलें, त्याला औरस मुलें झालीं, आणि हा मुलगा बापाच्या कारखान्यांत लांकूड व दगड यांच्या संगतींत वाढला. मिश्र रक्ताच्या माणसाला त्या काळीं मानाचीं पदें सहसा मिळत नसत. पण हातांत कसब असलें तर काम मिळे. त्याला तें भरपूर मिळालें. ओउरो प्रेतोमधील संत फ्रांसिस्काच्या देवळाचें काम इ. स. १७६६ मध्यें सुरू झालें. त्याच्या दर्शनी भागावर दगडी कोरीव कामाचें एक वर्तुळ आहे, आणि त्यांत संताच्या तळहातांवर ख्रिस्ताच्या जखमा उमटत असल्याचा प्रसंग आहे. ज्यानें हे विद्ध हात कोरले त्याच्याच हातांवर पुढें काय ओढवणार होतें हें आज ठाऊक असल्यामुळें, त्या शिल्पापुढें उभ्या राहणाऱ्याचें मन क्षणभर चरकल्याशिवाय राहत नाहीं.

इ. स. १७७७ च्या सुमारास त्याला रोग जडला. कोणी त्यास महारोग म्हणतात, कोणी उपदंश, कोणी संधिवात, तर कोणी रक्ताचा एक विरळा विकार. परिणाम मात्र सर्वांना मान्य आहेत : पायांचीं बोटें झडलीं, हातांचीं बोटें आखडून निकामी झालीं, चेहरा विद्रूप झाला. चरित्रकार सांगतो कीं, वेदना असह्य होऊन त्यानें कधीं कधीं स्वतःच्याच हत्यारानें बोटें छाटून टाकलीं. पुढें तो गुडघ्यांवर चाले. मौरिसियो नांवाचा त्याचा गुलाम त्याच्या हातांना छिन्नी व हातोडा बांधून देई, आणि तशा हातांनीं तो दगड फोडी. मोठ्या काठाची टोपी आणि पायघोळ डगला घालून तो पहांटे उजाडण्यापूर्वीं कामावर जाई व रात्र पडल्यावर घरीं परते. देवळांत काम करतांनाही तो भोंवतीं कनात लावून घेई. लोकांची नजर त्याला सोसत नसे. आणि याच काळांत, ज्या लोकांच्या नजरेपासून तो लपत होता त्याच लोकांच्या जिभेवर, तें नांव रुळलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कागदोपत्रीं हा माणूस कधींच 'बापुडा' नव्हता. कोंगोन्यास येथील देवस्थानांत त्याच्या कामाच्या पैशाच्या ज्या पावत्या राहिल्या आहेत, त्यांवर सही आहे ती 'अंतोनियो फ्रांसिस्को लिस्बोआ' अशी. इ. स. १७९० मध्यें मारियाना गांवच्या एका नगरसभासदानें त्या प्रदेशांतील कलांविषयीं जें टिपण लिहिलें, त्यांत त्याला नवा प्राक्सिटेलीस म्हटलें आहे. प्राक्सिटेलीस हा प्राचीन ग्रीसचा थोर शिल्पकार. ज्या नगरसभासदानें ग्रीसचें नुसतें नांवच ऐकलें असेल त्यानें गुलाम आईच्या मुलाला ही उपमा द्यावी, यांत केवढा आदर आहे! म्हणजे एकाच वेळीं या माणसाचीं तीन नांवें चालू होतीं : पावतीवर स्वतःचें, विद्वानांच्या टिपणांत ग्रीक, आणि गल्लींत 'आलेइजादिन्यो'. पहिलें नांव पेटींत पडून राहिलें, दुसरें ग्रंथांत राहिलें, आणि तिसरें जगलें. टोपणनांवांचें असें नेहमींच होतें. त्याच विला रिकांत इ. स. १७८९ मध्यें पोर्तुगालविरुद्ध जो कट झाला, त्यांतील जुआकिम जुझे दा सिल्वा शाव्हियेर या वीराला २१ एप्रिल १७९२ रोजीं रिओ द जानेरो येथें फांशीं दिलें. त्याचें लांबलचक नांव कोण घेतो? सारा ब्राझील त्याला 'तिरादेंतिस', म्हणजे 'दांत उपटणारा', म्हणून वंदन करतो, कारण तो लोकांचे दात काढीत असे. एक नांव धंद्यावरून पडलें, दुसरें व्यंगावरून. फरक इतकाच कीं, दुसऱ्याला लोकांनीं 'इन्यो' चा मऊ शेव जोडला.

हें नांव छापील पानावर आणण्याचें श्रेय रोद्रिगो जुझे फेरैरा ब्रेतास या गृहस्थास आहे. शिल्पकार १८ नोव्हेंबर १८१४ रोजीं वारला. त्यानंतर ४४ वर्षांनीं, इ. स. १८५८ मध्यें, ब्रेतासनें प्रांताच्या सरकारी वृत्तपत्रांत त्याचें छोटेखानी चरित्र प्रसिद्ध केलें, आणि मथळ्यांतच, हा गृहस्थ 'आलेइजादिन्यो' या टोपणनांवानें अधिक परिचित आहे, असें सांगून टाकलें. त्याची मुख्य साक्षीदार होती जुआना लोपिस, म्हणजे शिल्पकाराची सून. शेवटचीं दोन वर्षें तो तिच्या घरीं फळ्यांच्या बाजेवर पडून होता, आणि ती सुईणपण करणारी स्त्री त्याची शुश्रूषा करीत होती. त्या सुनेच्या आठवणींतून त्याचें चरित्र निघालें हें आम्हांला फार महत्त्वाचें वाटतें. लाडकें नांव हें नेहमीं घरांतून, स्वयंपाकघराच्या बाजूनें, बायकांच्या बोलण्यांतून बाहेर येतें. दरबारांतून येत नाहीं.

तथापि ब्रेतासनें सांगितलेल्या सर्वच गोष्टी मायेच्या नाहींत, आणि याचसाठीं त्या विचारांत घेण्याजोग्या आहेत. तो सांगतो कीं, प्रांताचा गव्हर्नर बेर्नार्दो जुझे दि लोरेना यानें एकदां शिल्पकाराला संत जॉर्जाची मूर्ति करण्यासाठीं वाड्यावर बोलावलें. जुझे रोमाव नांवाचा हुजऱ्या त्याला पाहतांच मागें सरला आणि 'काय हा कुरूप माणूस' असें उघड बोलला. शिल्पकार चिडला, परत निघाला, मोठ्या मिनतवारीनें थांबला. पुढें मूर्ति तयार झाली तेव्हां लोकांनीं पाहिलें तों संताच्या खांद्यांवर चेहरा होता जुझे रोमावचा! ही कथा खरी असो वा रचलेली. तींतून एवढें दिसतें कीं, ज्याला गांव मायेनें 'बापुडा' म्हणत होतें तो स्वतः बापुडा नव्हता. तो तापट होता, मानी होता, आणि आपल्या अपमानाचा सूड घेण्याची त्याची रीत शिल्पकाराची होती.

दुसरी हकीकत याहून कठोर आहे. गुलामगिरींतून जन्मतांच सुटलेल्या या माणसानें पुढें स्वतः गुलाम विकत घेतले. मौरिसियो, आगोस्तिन्यो आणि जानुआरियो हे ते तिघे. मौरिसियो व आगोस्तिन्यो हे कसबी कारागीर होते. जानुआरियो मालकाचें गाढव हांकी. ब्रेतास सांगतो कीं, जानुआरियोनें एकदां वस्तऱ्यानें स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न केला, आणि इतक्या असह्य धन्याची चाकरी टाळण्यासाठीं आपण असें केलें, असें तो म्हणाला. येथें वाचकानें आणखी एक बारीक गोष्ट पाहावी : 'आगोस्तिन्यो' हें नांव लॅटिन 'आगुस्तिनुस' वरून आलें आहे, म्हणजे त्याच्या शेवटचा 'इन्यो' हाही त्याच लॅटिन 'इनुस' चा, पण तेथें लाडाचा मागमूस नाहीं. कानाला जो गोड लागतो तो प्रत्येक सूर मायेचा नसतो, हेंच आम्हीं व्याकरणाच्या भागांत सांगितलें होतें; जीवनाच्या भागांतही तेंच खरें ठरतें.

या सगळ्या वेदनेंतून जें निर्माण झालें त्याचा निर्देश केल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. कोंगोन्यास गावीं एका टेकडीवर बों जेझुस याचें देवस्थान आहे. फेलिसियानो मेंदिस नांवाच्या पोर्तुगीज माणसानें रोगमुक्त झाल्याबद्दल नवस फेडण्यासाठीं इ. स. १७५७ मध्यें तें सुरू केलें. तेथें इ. स. १७९६ ते १७९९ या अवधींत आलेइजादिन्यो व त्याचे साथीदार यांनीं ख्रिस्ताच्या अखेरच्या यातनांचे प्रसंग दाखविणाऱ्या साठांहून अधिक पुरुषाकृति मूर्ति सीडर वृक्षाच्या लांकडांत कोरल्या. नंतर इ. स. १८०० ते १८०५ या काळांत देवळाच्या पायऱ्यांवर व कठड्यावर बारा प्रवक्त्यांच्या मूर्ति उभ्या केल्या. त्यांचा दगड मऊ असतो. पोर्तुगीज त्याला 'साबणाचा दगड' म्हणतात, आपण शंखजिरें म्हणतों. इशाया, यिर्मया, दानिएल, योना वगैरे हे वृद्ध आणि तरुण द्रष्टे हातांत लेखपट घेऊन डोंगरांकडे पाहत उभे आहेत. कोणाचे हात प्रमाणाबाहेर आंखूड आहेत, कोणाचे अंग पिळवटलेलें आहे. जवळून पाहणारास दोष दिसतात, पायथ्यापासून चढत येणारास मात्र बाराही जण एकमेकांशीं बोलत आहेत असें वाटतें. इ. स. १९८५ मध्यें युनेस्कोनें हें स्थान जागतिक वारशांत घेतलें. ओउरो प्रेतो त्यापूर्वीं पांच वर्षें घेतलें गेलें होतें. सर रिचर्ड बर्टन, ज्यानें तरुणपणीं मुंबईच्या लष्करांत असतांना मराठीचा अभ्यास केला होता आणि गोव्याविषयीं पुस्तक लिहिलें होतें, तो पुढें ब्राझीलमध्यें इंग्रजांचा वकील झाला. इ. स. १८६७ मध्यें त्यानें या प्रदेशांतून प्रवास केला, आणि आपल्या प्रवासवर्णनांत या शिल्पकाराची दखल घेतली.

आतां मुख्य प्रश्न. 'आलेइजादिन्यो' या नांवांतील माया खरी कीं खोटी? ब्राझीलच्याच दोन थोर विद्वानांनीं या प्रत्ययाचा विचार केला आहे. झिल्बेर्तो फ्रैरी यानें इ. स. १९३३ च्या आपल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, मालकांच्या घरांतील मुलांना वाढविणाऱ्या आफ्रिकी दायांनीं पोर्तुगीज भाषेचीं टोकें झिजवून ती मऊ केली, आणि घरगुती लाडकीं नांवें ही त्यांचीच देणगी. सेर्झियो बुआर्की दि ओलांदा यानें इ. स. १९३६ मध्यें याच प्रत्ययाला ब्राझीली स्वभावाची खूण म्हणून दाखविलें : तेथील माणसाला दुरावा सहन होत नाहीं, प्रत्येक गोष्ट हृदयाजवळ ओढून आणावी असें त्याला वाटतें. दोन्ही मतें आम्हांला ग्राह्य वाटतात. परंतु दोहोंच्या मागें एक सावली आहे. ज्या घरांत दाई धन्याच्या मुलाला 'सिन्योझिन्यो', म्हणजे 'छोटे धनी', म्हणून कुरवाळीत होती, त्याच घराच्या अंगणांत तिच्या स्वतःच्या मुलाच्या पाठीवर चाबूक पडत होता. ब्राझीलमधील गुलामगिरी १३ मे १८८८ रोजीं कायद्यानें बंद झाली. तोंपर्यंत 'इन्यो' हा प्रत्यय वरून खालीं आणि खालून वर दोन्हींकडे वाहत होता. वरून येतांना तो दया होता, खालून जातांना आर्जव. समपातळीवरची प्रीति त्यांत किती होती हें त्या त्या माणसाच्या डोळ्यांवरूनच ठरलें असेल.

यासाठीं दयेचा प्रत्यय हा दुधारी असतो असें आम्हांला वाटतें. तो कठोर शब्दाची धार बोथट करतो, हें पुण्य. पण धार बोथट झाल्यामुळें तो शब्द रोज, निःशंकपणें, तोंडावर वापरतां येतो, हें पाप. 'आलेइजादो' असें कोणालाही तोंडावर म्हणण्याची लाज वाटली असती. 'आलेइजादिन्यो' म्हणतांना लाज उरली नाहीं. परिणाम असा कीं, माणसाच्या व्यंगानें त्याचें नांव गिळून टाकलें. आजचे कांहीं संशोधक तर म्हणतात कीं, त्याच्या कलेहून त्याच्या रोगाचीच कथा मोठी झाली आहे. गियोमार दि ग्रामों या विदुषीनें इ. स. २००८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, ब्रेतासचें चरित्र हें बरेंचसें कल्पित वीरकथेच्या सांच्यांत ओतलेलें आहे, असें प्रतिपादन केलें. कोणती मूर्ति खरोखर त्याच्या हातची आणि कोणती त्याच्या कारखान्याची, हा वादही चालू आहे. इ. स. १९२४ मध्यें साओ पाउलोचे नवे कवि व चित्रकार मिनासची यात्रा करण्यास गेले, आणि त्यांच्यापैकीं मारियो दि आंद्रादि यानें इ. स. १९२८ मध्यें या मिश्र रक्ताच्या कारागिराला ब्राझीलच्या स्वतंत्र प्रतिभेचा पहिला पुरुष ठरविलें. तेव्हांपासून तें गल्लींतलें टोपणनांव राष्ट्राचें भूषण झालें. दयेपासून सुरू झालेला प्रवास अभिमानाशीं येऊन थांबला.

हें सारें परक्या देशाचें म्हणून वाचकांनीं सोडून देऊं नये. आपलेच शब्द पाहा. 'आंधळा' या शब्दांत मूळ 'अंध' आहे आणि त्यास प्राकृतांतील 'ल' जोडलेला आहे. 'पांगळा' यांत 'पंगु' आहे आणि तोच 'ल' आहे. 'लंगडा' यांत 'लंग' आहे आणि 'बापुडा', 'जीवडा' या शब्दांत जो आहे तोच 'डा' आहे. हे प्रत्यय आपल्या 'तान्हुला', 'चिमुकला' या शब्दांतील लाडाच्या प्रत्ययांचे गणगोत आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या तोंडींही अंधाचा 'आंधळा' झाला तो अशाच एखाद्या मऊ शेवटाच्या वाटेनें. शतकें लोटलीं, मऊपणा झिजला, आणि आज ते तिन्ही शब्द शिवीसारखे बोचतात. म्हणून त्यांच्या जागीं 'अपंग' आला. तोही बोचूं लागला म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत सरकारी कागदांवर 'दिव्यांग' आला. शब्द बदलतात, आणि समाजाची नजर बदलली नाहीं तर प्रत्येक नवा शब्द कालांतरानें जुन्यासारखाच कडू होतो. प्रत्ययानें माया आणतां येत नाहीं. असलेली माया तेवढी दाखवितां येते.

आमच्या महाविद्यालयांत अनेक वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी कुबडी घेऊन येत असे. वर्गांतील मुलें त्याला एका लाडिक नांवानें हांक मारीत. तें नांव येथें देण्याचें कारण नाहीं. आम्हीही, प्रेमळपणा म्हणून, एकदोनदां तेंच नांव उच्चारलें. एके दिवशीं तो तास संपल्यावर थांबला आणि शांतपणें म्हणाला, "सर, हजेरीपुस्तकांत माझें नांव वेगळें आहे." त्यांत राग नव्हता, आर्जवही नव्हतें, एक माहिती द्यावी तसें तो म्हणाला. त्या दिवसापासून आम्हीं त्याला त्याच्या नांवानेंच हांक मारली. आलेइजादिन्योच्या पावत्यांविषयीं वाचतांना आम्हांला त्या मुलाची आठवण झाली. कोंगोन्यासच्या हिशेबांत बोटें नसलेल्या माणसाची जी सही आहे तीही तेंच सांगते : हजेरीपुस्तकांत माझें नांव वेगळें आहे.

लाडकें नांव देणाऱ्या गांवाला दोष द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्या गांवानें त्याला हाकलून दिलें नाहीं, काम दिलें, त्याच्यासाठीं आपल्या भाषेंतला सर्वांत मऊ सूर वेंचून काढला, आणि तो गेल्यावर दोनशे वर्षें तो सूर जपला. पण त्याचें ऋण फेडावयाचें तर पणजीच्या टेकडीवरून उतरतांना ज्या वाचकाला 'आल्तिन्यो' हें नांव ऐकूं येईल, त्यानें त्या दूरच्या मूर्तिकाराचें स्मरण करावें, आणि एकदां तरी त्याचें स्वतःचें नांव सबंध उच्चारावें : अंतोनियो फ्रांसिस्को लिस्बोआ.